‘सौम्य’ या शब्दाची परीक्षा

अंगाला लावायच्या वड्या, तोंड धुण्याची द्रव्ये आणि लहान मुलांचे शाम्पू यांची रिकामी वेष्टने गोळा करून वाचली, तर एक विशेषण वारंवार भेटते : ‘सौम्य’. कोणी त्याच्या जोडीला ‘सामू ५.५’ लिहितो, कोणी ‘साबणविरहित’, कोणी ‘नैसर्गिक’. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के छापलेले असतात आणि शेतकरी ते वाचून पोते निवडतो. ‘सौम्य’ किती आणि कशाच्या तुलनेत, हे मात्र वेष्टनावर सहसा आढळत नाही. तरीही या एका शब्दासाठी ग्राहक साध्या साबणाच्या दुप्पट-तिप्पट पैसे मोजतो.

या शब्दाची परीक्षा करावी, हा या लेखाचा हेतू आहे. परीक्षेला आपण दोघांना बसवणार आहोत. एक वेष्टन आणि दुसरा शाळेतला साबणाचा धडा. कारण धड्याने आपले काम पुरे केले असते, तर वेष्टनाला प्रश्न विचारणारा ग्राहक शाळेतच घडला असता.

धडा कोठे थांबतो

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानात ‘कार्बन आणि त्याची संयुगे’ या प्रकरणात साबण येतो. इतर शालेय पुस्तकांतली मांडणीही थोड्याफार फरकाने तशीच असते. साबणाच्या रेणूला एक जलस्नेही डोके आणि एक लांब जलद्वेषी शेपटी असते. शेपट्या तेलकट मळात रुततात, डोकी पाण्याकडे राहतात आणि मळाभोवती रेणूंचा गोल पुंजका, म्हणजे मिसेल, तयार होऊन मळ पाण्याबरोबर निघून जातो. पुढे दुष्फेन पाण्यात साबणाचा साका होतो, म्हणून अपमार्जके आली, असे सांगून विषय संपतो.

हे सारे बरोबर आहे. चित्रही चांगले आहे. पण या चित्रात तेल आहे, पाणी आहे, कापड आहे, त्वचा नाही. जे रेणू मळात रुततात तेच त्वचेतही रुततात, हे धडा सांगत नाही. दुष्फेन पाण्याचा प्रश्नही तो साबण वाया जाण्यापुरताच मांडतो.

बीड जिल्ह्यातल्या शिक्षकाला ही उणीव अधिक जाणवावी. दख्खनच्या काळ्या खडकात मुरलेले पाणी कॅल्शिअम व मॅग्नेशिअमचे क्षार घेऊन विहिरीत आणि बोअरमध्ये येते. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटाच्या बाजूच्या तालुक्यांत वर्षाचा मोठा काळ याच भूजलावर काढावा लागतो. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्याचे काठिण्य लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येते. मधला ३०० हा आकडा धरून वर्गात एक गणित करून पाहावे.

काठिण्य कॅल्शिअम कार्बोनेटच्या हिशेबात मोजतात. त्याचा रेणुभार १००. तेव्हा ३०० मिलिग्रॅम म्हणजे लिटरमागे ३ मिलिमोल कॅल्शिअम. प्रत्येक कॅल्शिअम आयन साबणाचे दोन रेणू धरून खाली बसतो, म्हणजे ६ मिलिमोल साबण गेला. सोडियम स्टिअरेटचा रेणुभार ३०६; म्हणून लिटरमागे सुमारे १.८ ग्रॅम. पंधरा लिटरची बादली फेसाळायची म्हटली, तर फेस येण्यापूर्वीच २७ ग्रॅम साबणाचा साका होईल. शंभर ग्रॅमच्या वडीचा हा चौथा हिस्सा झाला. अंघोळीला आपण बादलीत वडी विरघळवत नाही हे खरे. पण अंगावरचा साबण ज्या पाण्याने धुतो ते हेच पाणी, आणि हा चिकट साका बादलीच्या कडेला बसतो तसा अंगावरही बसतो. हिवाळ्यात अंग उलते, पिंडऱ्यांवर पांढरे चरे उमटतात, तेव्हा त्या मुलाला साबणाच्या धड्यातून काहीच उत्तर मिळत नाही.

त्वचेवर काय घडते

तळहात आणि तळपाय सोडले, तर त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर अवघा १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो. वहीच्या कागदाच्या जाडीचा हा फार तर पाचवा भाग. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे. केराटिन या प्रथिनाने भरलेल्या चपट्या पेशी म्हणजे विटा. सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचे मिश्रण म्हणजे दरज. शरीरातले पाणी आत धरून ठेवणारी भिंत ती हीच.

पृष्ठसक्रिय पदार्थ, म्हणजे पाण्याचा पृष्ठताण कमी करणारे साबणासारखे सारे पदार्थ, या भिंतीवर तीन प्रकारे काम करतात. ते दरजेतला मेद काढतात. ते केराटिनला चिकटतात. त्याने पेशी फुगतात आणि वाळताना त्वचा ओढल्यासारखी वाटते. शिवाय पेशींतले पाणी धरून ठेवणारे लहान रेणू धुऊन नेतात. भिंत विसविशीत झाली की पाणी बाहेर पडू लागते. मळ काढणे आणि भिंत उकरणे ही दोन्ही कामे एकाच गुणधर्माची आहेत. ‘सौम्य’ या शब्दाला काही अर्थ असेल तर तो एवढाच की पहिले काम पुरेसे व्हावे आणि दुसरे शक्य तितके कमी. आता वेष्टनावरचे दावे या कसोटीला लावू.

दावा पहिला : सामू ५.५

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारण ४.५ ते ६. शाडे आणि मार्चिओनिनी या जर्मन संशोधकांनी १९२८ मध्ये या आम्लधर्मी आवरणाकडे लक्ष वेधले. साबणाच्या पाण्याचा सामू ९ ते १०च्या घरात असतो. तेव्हा त्वचेशी जुळणारा सामू चांगला, या म्हणण्यात तथ्य आहे.

परंतु खऱ्या साबणाचा सामू ५.५ असूच शकत नाही, आणि हे सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही. साबणाच्या पाण्यात लिंबाचा रस थोडा थोडा घालावा. पाणी फाटल्यासारखे पांढुरके होते आणि फेस बसतो. आम्लाने साबणाचे रूपांतर पुन्हा मेदाम्लात केले आणि मेदाम्ल पाण्यात विरघळत नाही. हाच प्रयोग तोंड धुण्याच्या पारदर्शक द्रव्याच्या द्रावणावर करावा. ते जसेच्या तसे राहिले, तर त्यात साबण नाही. ते फाटले, तर बाटलीवर काहीही नाव असो, आत साबण आहे. अशा बाटलीच्या घटकयादीत बहुधा मिरिस्टिक वा स्टिअरिक आम्ल आणि पोटॅशिअम हायड्रॉक्साइड सापडेल. दोन्ही मिळून साबणच होतो. हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात लाल होतो, ही आणखी एक खूण. मात्र ५.५ आणि ७ यांतला फरक हळद सांगणार नाही, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगावे.

सामू जुळला म्हणजे द्रव्य सौम्य ठरले का? नाही. सोडियम लॉरिल सल्फेट हे शाम्पू आणि टूथपेस्टमध्ये वापरले जाणारे अपमार्जक घ्या. त्याच्या द्रावणाचा सामू उदासीनाच्या आसपास असतो आणि तो ५.५ वर आणणेही सोपे आहे. तरीही त्वचा किती लवकर चुरचुरते हे तपासताना त्वचारोगतज्ज्ञ जाणूनबुजून हेच द्रव्य प्रमाण म्हणून वापरतात. सामू ही एक अट झाली, पुरावा झाला नाही.

दावा दुसरा : टीएफएम जास्त, म्हणून वडी चांगली

हा दावा वेष्टनापेक्षा लोकांच्या बोलण्यात अधिक ऐकू येतो. टीएफएम म्हणजे एकूण मेदद्रव्य. भारतीय मानकानुसार अंगाच्या साबणाच्या पहिल्या प्रतीत ते किमान ७६ टक्के, दुसरीत ७० आणि तिसरीत ६० टक्के असावे लागते. ‘बाथिंग बार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वडीला ४० टक्के पुरतात. यावरून टीएफएम जितका जास्त तितकी वडी त्वचेला चांगली, असे सर्रास सांगितले जाते.

हा आकडा वडीत साबणाचे द्रव्य किती आणि भर किती, हे सांगतो. दोन साबणांतला कोणता पैशाला परवडतो, हे ठरवायला तो उपयोगी आहे. त्यावरून सौम्यपणा ठरत नाही. ७६ टक्क्यांचा उत्तम साबणही अल्कधर्मीच असतो आणि दुष्फेन पाण्यात त्याचाही साका होतो. उलट ‘बाथिंग बार’ या नावाखाली मोडणाऱ्या काही वड्या मुळात साबणाच्या नसतात. त्यांत दुसरेच पृष्ठसक्रिय द्रव्य असते आणि त्या त्वचेला साबणापेक्षा सौम्य असू शकतात. एका गोष्टीचे माप दुसऱ्या गोष्टीला लावण्याची ही चूक वर्गात चर्चेला घेण्यासारखी आहे.

दावा तिसरा : नैसर्गिक, म्हणून सौम्य

रिठा आणि शिकेकाई आपल्या घरांना नवी नाहीत. सोनार दागिने उजळायला आणि घरोघरी रेशमी वस्त्रे धुवायला रिठा वापरतात. त्यांत सॅपोनिन नावाची पृष्ठसक्रिय द्रव्ये असतात. त्यांच्या डोक्याशी शर्करेचे घटक असतात आणि कॅल्शिअमशी त्यांचा साका होत नाही. म्हणून रिठ्याचे पाणी बोअरच्या पाण्यातही फेसाळते. एका बाटलीत पावसाचे साठवलेले पाणी आणि दुसरीत बोअरचे पाणी घेऊन, दोन्हींत आधी साबणाचे आणि नंतर रिठ्याचे द्रावण थेंबाथेंबाने घालावे. एक मिनिट टिकणारा फेस यायला किती थेंब लागले ते मोजावे. साबणाच्या बाबतीत दोन बाटल्यांतला फरक मोठा येईल. रिठ्याच्या बाबतीत त्या मानाने थोडा.

पण रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले की काय होते, हे ज्याला ठाऊक आहे तो त्याला सरसकट सौम्य म्हणणार नाही. सॅपोनिने तांबड्या रक्तपेशींची पटले फोडतात, हा त्यांचा प्रसिद्ध गुण आहे. एखादा रेणू झाडात तयार झाला की कारखान्यात, हे त्वचेला कळत नाही. तिला रेणूचा आकार आणि त्याच्या डोक्यावरचा विद्युतभार कळतो. ‘रसायनविरहित’ असे छापलेली बाटली विज्ञानाच्या शिक्षकाने तरी हसून बाजूला ठेवावी, कारण मग आत पाणीसुद्धा असता कामा नये.

मग सौम्य कशाने होते?

पहिला मार्ग डोके बदलण्याचा. साबणाच्या आणि सल्फेटच्या डोक्यावर ऋण भार असतो आणि तो केराटिनला घट्ट बिलगतो. खोबरेल तेलाच्या मेदाम्लांपासून केलेल्या सोडियम कोकोइल आयसेथिओनेटचे डोकेही ऋणभारितच, पण मोठे आणि प्रथिनांशी कमी झोंबणारे. या जातीची द्रव्ये जर्मनीत १९३०च्या सुमारास कापडधंद्यासाठी आली आणि अमेरिकेत १९५७ मध्ये ‘डव्ह’ वडीच्या रूपाने अंघोळीला पोचली. ग्लायसीन, ग्लुटामिक आम्ल यांसारखी अमिनो आम्ले डोक्याच्या जागी बसवून केलेली द्रव्ये आज वापरात आहेत. नवी मुंबईची गॅलॅक्सी सरफॅक्टंट्स ही कंपनी अशी सौम्य द्रव्ये बनवून इतर उत्पादकांना पुरवते. तारापूर आणि तळोजा येथे तिचे कारखाने आहेत. भाररहित डोके हवे असेल तर शर्करा वापरतात. एमिल फिशरने १८९३ मध्ये ग्लुकोज आणि अल्कोहोल जोडून असे पदार्थ प्रथम तयार केले. त्यांच्या वंशातली अल्किल ग्लुकोसाइड्स सुमारे शंभर वर्षांनी मोठ्या प्रमाणावर बाजारात आली. आपल्या उसातली साखर, म्हणजे सुक्रोज, त्यांना चालत नाही. ग्लुकोज लागते आणि ते मुख्यतः मक्यासारख्या पिकांच्या स्टार्चपासून मिळते. सुक्रोजपासून निघणारी सुक्रोज एस्टर ही निराळी सौम्य द्रव्ये.

दुसरा मार्ग मिसेल मोठे करण्याचा. एकेकटा सुटा रेणू तर त्वचेत शिरतोच. पण लहान मिसेलही शिरू शकतात, असे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील ब्लँकश्टाइन यांच्या गटाने या शतकाच्या पहिल्या दशकात दाखवले. त्यांच्या मापनात सोडियम लॉरिल सल्फेटच्या मिसेलची त्रिज्या सुमारे २ नॅनोमीटर, वरच्या थरातल्या जलमार्गांची सुमारे २.९ आणि कोकोइल आयसेथिओनेटच्या मिसेलची ३.३ नॅनोमीटरच्या आसपास निघाली. एक आत जातो, दुसरा दाराशी अडतो.

तिसरा मार्ग मिश्रणाचा. सल्फेटमध्ये कोकामिडोप्रोपिल बीटेन हे दोन्ही भार असलेले द्रव्य मिसळले की मिसेल मोठे होतात, सुटे रेणू कमी होतात आणि जळजळ घटते. म्हणून यादीत ‘सल्फेट’ दिसताच बाटली टाकून देणेही बरोबर नाही. परिणाम साऱ्या मिश्रणाचा असतो.

यांची मोजमापे आहेत. मक्यातले झेइन हे पाण्यात न विरघळणारे प्रथिन एखाद्या द्रव्याने किती विरघळते, हे मोजतात. जितके जास्त विरघळेल तितके द्रव्य त्वचेला कडक. फ्रॉश आणि क्लिगमन यांनी १९७९ मध्ये ८ टक्के द्रावण हातावर बंदिस्त ठेवून, पाच दिवसांत त्वचा किती लाल होते व खरखरीत होते हे पाहण्याची पद्धत मांडली. त्यांच्या परीक्षेत बाजारातल्या वड्यांत फार मोठा फरक आढळला आणि सर्वांत सौम्य ठरली ती साबण नसलेली आयसेथिओनेटची वडी. म्हणजे ‘सौम्य’ला आकडा देता येतो. वेष्टनावर तो देत नाहीत, एवढेच.

सौम्य म्हणजे सर्वांना निर्धोक, असेही नाही. चुरचुरणे वेगळे आणि ॲलर्जी वेगळी. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्थेने २००४ मध्ये कोकामिडोप्रोपिल बीटेनला आणि २०१७ मध्ये अल्किल ग्लुकोसाइड्सना ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ म्हणून निवडले. दोन्ही द्रव्ये सौम्य गणली जातात. थोड्या लोकांना ती सोसत नाहीत.

पाण्याचा प्रश्न उरतोच

एवढे करूनही बीडचे पाणी तेच राहते. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाच्या डॅन्बी व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले, की दुष्फेन पाण्याने धुतल्यावर सोडियम लॉरिल सल्फेट त्वचेवर अधिक राहते आणि जळजळही वाढते. यावरून पाणी सुफेन करणारे यंत्र बसवले की काम झाले, असे कोणी म्हणेल. पण त्याच देशात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इसब असलेल्या ३३६ मुलांपैकी काहींच्या घरी असे यंत्र १२ आठवडे बसवून पाहिले. नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक फायदा दिसला नाही. दोन्ही निष्कर्ष विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत. एका प्रयोगात कारण दिसते म्हणून त्यावरचा प्रत्येक उपाय लागू पडतोच असे नाही, हे शिकण्यासाठी यापेक्षा जवळचे उदाहरण मिळणार नाही.

‘भरपूर पाण्याने धुवा’ ही वेष्टनावरची सूचना तर टंचाईच्या गावाला उद्देशून लिहिलेलीच नाही. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणारे कुटुंब किंवा ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची फडाजवळची कोपी यांच्यापाशी भरपूर पाणी नसते. तेथे फेस जितका जास्त तितके तो धुवायला पाणी जास्त, आणि अंगावर उरण्याचा संभवही जास्त. फेस म्हणजे स्वच्छता हा समज येथे दुहेरी महाग पडतो. काखा, जांघा, पाय आणि मळलेला भाग एवढ्यालाच साबण लावावा, बाकी अंगाला नुसते पाणी पुरते. अंग ओलसर असतानाच थोडे खोबरेल तेल लावावे. हे उपाय कोणत्याही महाग बाटलीआधी करून पाहावेत. हात धुण्याच्या बाबतीत मात्र गल्लत नको : जेवणापूर्वी आणि शौचानंतर हात साबणानेच धुवायचे, आणि त्यासाठी साधी स्वस्त वडी उत्तम आहे. तान्ही मुले, इसब असलेली मुले आणि फार कोरडी त्वचा यांच्यासाठी सौम्य द्रव्याचा खर्च सार्थ आहे. खाज आणि भेगा हटत नसतील तर डॉक्टरांना दाखवावे.

आमचे म्हणणे

धड्याबद्दल आमचे म्हणणे असे की मिसेलच्या चित्राशेजारी त्वचेच्या भिंतीचे एक चित्र यावे आणि ‘दुष्फेन’ हा शब्द गावातल्या पाण्याच्या आकड्यासह शिकवावा. पुस्तक बदलेपर्यंत शिक्षकाला थांबण्याचे कारण नाही. लिंबू, हळद, रिठा आणि दोन बाटल्या एवढ्यावर दोन तासिका उत्तम होतात. आमच्या मते, यांतला एकही प्रयोग सौम्यपणा मोजत नाही, हे त्या तासिकांतले सर्वांत मोलाचे वाक्य ठरावे. लिंबाने साबण ओळखता येतो, हळदीने अल्क ओळखता येतो, थेंबांनी पाणी ओळखता येते. त्वचेवरचा परिणाम ओळखायला त्वचेवरच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, चाचणी करावी लागते. वर्गात मुलांच्या अंगावर तसले प्रयोग करू नयेत.

वेष्टनाबद्दल म्हणायचे तर, २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार घटकांची यादी छापणे बंधनकारक आहे आणि एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. पण ती यादी बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असते. निदान मुख्य पृष्ठसक्रिय द्रव्याचे नाव मराठीत, द्रावणाचा सामू आणि सौम्यपणाच्या चाचणीचा आकडा, एवढे छापावे ही मागणी अवाजवी नाही. खताच्या पोत्याला जो नियम, तो अंघोळीच्या वडीलाही असावा.

पुढे रसायनशास्त्र शिकू इच्छिणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत तेले आणि पृष्ठसक्रिय द्रव्ये यांचा स्वतंत्र विभाग आहे, आणि २०१८ मध्ये त्या संस्थेचे मराठवाडा संकुल शेजारच्या जालन्यात सुरू झाले आहे. बीडच्या पाण्यात नीट धुऊन निघेल, त्वचा ओरबाडणार नाही आणि ऊसतोड कामगाराला परवडेल, अशी वडी कशी करावी, हा त्यांच्यापुढचा चांगला प्रश्न आहे. तोवर वेष्टने जपून ठेवावीत आणि वर्गात मोठ्याने वाचावीत.